न ओळखणारे आप्त

गेल्या महिन्यांतील गोष्ट. रात्रीचीं जेवणें आटोपून आम्ही बडीशेप चघळीत बसलों होतों आणि आमची कन्या आपल्या मोबाईलवर कांहींतरी चाळीत होती. चाळतां चाळतां तिला मुंबई दूरदर्शनच्या जुन्या ‘चिमणराव’ मालिकेचा एक तुकडा सांपडला. “बाबा, हे तुमचे लाडके ना?” असें म्हणून तिनें तो आमच्यापुढें धरला. तळहाताएवढ्या त्या कृष्णधवल चित्रांत चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी अवतरली. आम्ही प्रथम मोठ्यानें हंसलों, आणि मग एकाएकीं आमचे डोळे भरून आले. कन्येनें तें पाहिलें. ती आतां पंचविशीची, शिकलेली, आणि प्रत्येक गोष्टीचें कारण विचारणारी आहे. ती म्हणाली, “ज्या माणसाला तुम्ही जन्मांत भेटला नाहींत, ज्याला तुमचं नांवहि ठाऊक नाहीं, त्याच्यासाठीं डोळ्यांत पाणी? बाबा, हें प्रेम कीं नुसती संवय?”

त्या वेळीं आम्हीं हंसून उत्तर टाळलें. परंतु प्रश्न खरा होता, आणि खरा प्रश्न टाळल्यानें टळत नाहीं. महिनाभर तो आमच्या मागें लागला आहे. म्हणून या वेळीं हें सदर त्याच्याच स्वाधीन करावें असें आम्हीं ठरविलें.

प्रथमच सांगितलें पाहिजे कीं, नटावर जीव टाकण्याची खोड आपणांस दूरदर्शनानें लावलेली नाहीं. बालगंधर्वांचें लुगडें, त्यांचा पदर, त्यांची केशरचना पाहून घरंदाज स्त्रियांनीं आपला वेष बदलला, ही गोष्ट महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. १२ मार्च १९११ रोजीं ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग झाला, त्याच दिवशीं त्यांचें मूल दगावलें होतें, तरीहि ठरलेला प्रयोग त्यांनीं मोडला नाहीं. प्रेक्षकांस ते ‘मायबाप’ म्हणत, आणि मायबापांनींहि तें नातें निभावलें. परंतु रंगभूमीवरील नटाकडे आपण जात असूं: तिकीट काढून, धुतलेलीं वस्त्रें नेसून, वेळेवर. दूरदर्शनानें हा क्रम उलटा केला. नट आपल्या घरीं आला. आपण बंडी घालून बसलों असतां, मुलें भांडत असतां, आमटीला फोडणी पडत असतां आला. आणि जो ठरल्या वारीं, ठरल्या वेळीं, न चुकतां घरीं येतो, त्यास आपल्याकडे फार दिवस पाहुणा कोण म्हणतो? तो घरचाच होऊन बसतो.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि पुढें सिंहगडावरील प्रक्षेपकामुळें त्याचे कार्यक्रम पुण्यांतहि दिसूं लागले. सदाशिव पेठेंतील आमच्या वाड्यांत पहिला संच मालकांच्या माडीवर आला. बिऱ्हाडें सात आणि संच एक, अशी स्थिति असल्यामुळें संध्याकाळीं मालकांच्या जिन्याखालीं चपलांचा ढीग पडे. वाऱ्यानें छपरावरचा अँटेना फिरला कीं पडद्यावर मुंग्या येत. मग एखादा मुलगा कौलांवर चढे, आणि खालून “आलं, आलं... गेलं!” असा पुकारा होई.

आमच्या आजीला त्या वेळीं सत्तरी जवळ आली होती. बातम्यांच्या आरंभीं वृत्तनिवेदिकेनें ‘नमस्कार’ म्हणतांच आजी हात जोडून उलट नमस्कार करी. मुलें हंसत, पण आजीचें म्हणणें असें कीं, कोणी आपणांस नमस्कार केला असतां गप्प बसणें ही कोणती रीत? त्या दिवसांत मुंबई केंद्रावरून मराठी बातम्या सांगणाऱ्यांत स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे या होत्या. एकीनें पुढें चित्रपटसृष्टींत नांव काढलें. दुसरीनें १९७५ सालीं ‘ती फुलराणी’ नाटकांत मंजुळा उभी करून रंगभूमि गाजविली. आजीच्या लेखीं मात्र दोघीहि अखेरपर्यंत ‘आपल्या बातम्यांतल्या मुली’च राहिल्या. १९८६ च्या डिसेंबरांत स्मिता पाटील वारल्या, तेव्हां त्या अवघ्या एकतीस वर्षांच्या होत्या. त्या रात्रीं आजी जेवली नाहीं. “डोळ्यांसमोरची पोर गेली,” एवढेंच ती म्हणाली. तिनें त्यांचा एकहि चित्रपट पाहिलेला नव्हता.

आमचे वडील, ज्यांस आम्ही अण्णा म्हणत असूं, ते याच्या अगदीं उलट. ते शाळेंत गणित शिकवीत आणि घरींहि गणितच शिकवीत. त्यांस हंसतांना पाहिल्याचें आम्हां भावंडांपैकीं कोणासहि आठवत नव्हतें. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धांत ‘चिमणराव’ मालिका सुरू झाली, तेव्हां वाडा लोटला; पण अण्णा कांहीं माडी चढेनात. त्यांचा आक्षेप तत्त्वाचा होता. चिं. वि. जोशी हे त्यांचे आवडते लेखक. बडोद्यास पालीचे अध्यापक असलेल्या या गृहस्थानें मराठी मध्यमवर्गाची अशी गोड फजिती केली कीं, फजित झालेल्यांनींच तीं पुस्तकें विकत घेतलीं, असें ते म्हणत. ‘लग्न पहावं करून’ (१९४०) आणि ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) हे मास्टर विनायकांचे चित्रपट त्यांनीं लहानपणीं पाहिले होते. त्यामुळें त्यांचा निकाल ठरलेला: “चिमणराव म्हणजे दामुअण्णा मालवणकर. हा प्रभावळकर नांवाचा पोरगा काय चिमणराव करणार?”

एके दिवशीं संध्याकाळीं कांहीं निरोप सांगण्याकरितां ते मालकांच्या दारापर्यंत आले आणि चौकटींतच थबकले. पडद्यावर दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव आपला शहाणपणा सिद्ध करण्याच्या प्रयत्नांत अधिकाधिक रुतत चालले होते, आणि बाळ कर्व्यांचे गुंड्याभाऊ त्यांच्या मदतीस जाऊन घोटाळा दुप्पट करीत होते. अण्णा निरोप विसरले. प्रथम त्यांचे खांदे हलूं लागले, मग त्यांनीं उपरण्याचा शेव तोंडाशीं धरला, आणि अखेर तोहि निरुपयोगी ठरून ते चांगले खदखदां हंसले. माडीवरील सर्व मंडळी पडद्याकडे पाहत होती; आम्ही एकटे अण्णांकडे पाहत होतों. त्यांची एक दाढ पडलेली आहे, हें आम्हांस त्या दिवशीं समजलें.

पुढील आठवड्यांत ते माडीवर आमच्या शेजारीं येऊन बसले. ज्या माणसापुढें पाढे चुकण्याच्या भीतीनें आमची जीभ टाळूस चिकटे, तो माणूस चिमणरावांची फजिती पाहतांना आमच्या गुडघ्यावर थाप मारूं लागला. चिमणरावांची भूमिका करणारे नट त्या वेळीं तिशींतले होते. पुण्याच्या एका वाड्यांत आपण एका बापलेकांची ओळख करून दिली, हें त्यांस कसें कळावें? पण त्या दिवसापासून आम्ही त्यांचे झालों, ते आजतागायत.

येथें कोणी म्हणेल कीं, हें सर्व ठीक; पण असल्या प्रेमानें माणूस वेडा होतो त्याचें काय? हा आक्षेप पोकळ नाहीं. ‘हम लोग’ ही हिंदी मालिका ७ जुलै १९८४ रोजीं सुरू झाली आणि १९८५ च्या डिसेंबरांत संपली. तेवढ्या काळांत प्रेक्षकांकडून चार लाखांवर पत्रें आलीं, असें तिचा अभ्यास करणाऱ्यांनीं नोंदविलें आहे. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार येऊन दोन शब्द सांगत. आमच्या लग्नास आईबापांची संमति मिळवून द्या, अशीं विनवणीचीं पत्रें तरुण मुलेंमुली त्यांस लिहीत. मालिकेंतील बडकीचें लग्न लागलें त्या दिवशीं उत्तर हिंदुस्थानांत दुकानें लवकर बंद झालीं. हंसूं येतें खरें. पण ज्या मुलीस आपल्या मनींचें घरांत कोणापाशींहि बोलतां येत नव्हतें, तिनें एका वृद्ध नटास पत्र लिहिलें, यांत वेडेपणा तिचा किती आणि घराचा किती, याचा विचार हंसण्यापूर्वीं करावा.

मग ‘रामायण’ आलें: २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत, दर रविवारीं सकाळीं. तोंवर आमच्या बिऱ्हाडीं स्वतःचा संच आला होता. आजी आंघोळ करून, डोक्यावरून पदर घेऊन, पाटावर बसे आणि अरुण गोविल पडद्यावर येतांच हात जोडी. आमचे धाकटे काका चेष्टेखोर. ते म्हणाले, “आई, तो पगार घेऊन राम झालाय बरं का!” आजीनें मान न वळवतां उत्तर दिलें, “कीर्तनकारहि बिदागी घेतोच कीं. अरे, आमच्या गांवीं लळितांत जोश्यांचा बंडू राम व्हायचा. त्या रात्रीं त्याला ओवाळायचं, आणि दुसऱ्या दिवशीं पेरू चोरले म्हणून त्याचाच कान पिळायचा. त्यांत अवघड काय आहे?”

एवढा मोठा विवेक इतक्या थोड्या शब्दांत आम्हीं क्वचितच ऐकला असेल. रात्रीं ओवाळावें आणि सकाळीं कान पिळावा: सोंग आणि सोंग घेणारा यांतील अंतर आमच्या कोकणांतल्या आजीस लळितानें शिकविलें होतें. नव्या प्रेक्षकांस तें शिकविणारें कोणी राहिलें नाहीं. १९९१ सालीं लोकसभेची निवडणूक झाली. तींत या मालिकेंतील सीता दीपिका चिखलिया बडोद्याहून, आणि रावण अरविंद त्रिवेदी साबरकांठ्याहून निवडून आले. १९९६ सालीं ‘महाभारता’तील श्रीकृष्ण नीतीश भारद्वाज जमशेदपूरहून, आणि २०२४ सालीं स्वतः राम, म्हणजे अरुण गोविल, मेरठहून लोकसभेंत गेले. त्यांच्या राजकारणाविषयीं आम्हांस येथें कांहींहि म्हणावयाचें नाहीं. निवडणूक लढविण्याचा अधिकार नटास इतरांइतकाच आहे. पण ज्या वर्षीं सीता व रावण या दोघांसहि लोकांनीं एकाच प्रांतांतून आणि एकाच पक्षातर्फे विजयी केलें, त्या वर्षीं मत पडलें तें गुणांस कीं नुसत्या ओळखीच्या चेहऱ्यास, हा प्रश्न आजीनें निश्चितच विचारला असता.

आमच्या लाडक्या नटाच्या बाबतींत तर हा विवेक ठेवल्यावांचून गत्यंतरच नव्हतें. ज्यांनीं चिमणराव केला त्यांनींच ‘चौकट राजा’त (१९९१) वाढत्या वयांत मुलासारखाच राहिलेला नंदू केला, ‘झपाटलेला’त (१९९३) तात्या विंचू हा खुनी केला, आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’त (२००६) महात्मा गांधी केले. भूमिका हाच माणूस असें मानणाऱ्या भक्तानें आतां काय करावें? तात्या विंचूस शिव्या द्याव्या, कीं गांधींच्या पायां पडावें? एकाच चेहऱ्यांतून इतकीं माणसें बाहेर येतात, त्या अर्थीं आपण ज्यावर प्रेम करतों तें त्या माणसाचें पुण्य नव्हे, त्याचे कष्ट आणि त्याची नजर होय, हें आम्हांस हळूहळू उमगलें. चाहत्याला शहाणपण येतें तें येथून.

आतां मुख्य गोष्टीकडे वळतों, जी सांगणें आम्हांस थोडें जड जात आहे.

आई २००० सालीं गेली. वाडा पाडण्याचें ठरलें आणि अण्णा आमच्या सदनिकेंत राहावयास आले. ते सत्तरी ओलांडलेले, आम्ही कचेरीच्या कामांत बुडालेलों, आमच्या घरांतूनहि नोकरी, आणि कन्या नुकती शाळेंत जाऊं लागलेली. कोणी कोणाशीं वाईट वागत नव्हतें. फक्त बोलत नव्हतें. अशांत २००१ सालीं अल्फा मराठी वाहिनीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका सुरू झाली. (तिचें नांव पुढें झी मराठी झालें.) प्रभावळकरांनींच लिहिलेल्या ‘अनुदिनी’ या लेखमालेवरून ती निघाली होती. मुलगा शेखर, सून श्यामला, नातू शिऱ्या, नात शलाका, आणि या सर्वांकडे मिस्किलपणें पाहून रोज रोजनिशी लिहिणारे आबा. अण्णांनीं पहिल्याच दिवशीं चष्मा सारखा केला आणि म्हणाले, “अरे, हा आपला चिमणराव म्हातारा झाला!”

वास्तविक प्रभावळकर तेव्हां साठीच्या आंतलेच होते. पण अण्णांस आपला समवयस्क भेटला. आबांप्रमाणें त्यांनींहि एक दोनशेपानी वही मागविली आणि तींत रोज कांहीं ओळी लिहूं लागले. मालिकेच्या दिवशीं मात्र आम्ही सर्व एकत्र बसत असूं. सुनेच्या तिरसटपणावर आबांनीं कोपरखळी मारली कीं अण्णा हळूच आपल्या सुनेकडे पाहत, आणि ती म्हणे, “कळतं हो मला, अण्णा!” मग दोघेंहि हंसत. जें समोरासमोर बोलतां आलें नसतें, तें टिपरे मंडळींच्या आडून बोललें जात होतें.

अण्णा २००९ सालीं गेले. त्यांची वही आम्हीं पुष्कळ दिवस उघडली नाहीं. उघडली तेव्हां तींत गणिताच्या शिक्षकास शोभेल असाच मजकूर होता: दूध किती आलें, रक्तदाब किती, नातीस पाढे कोठपर्यंत येतात. मालिकेच्या दिवशीं मात्र एक ओळ जास्त असे: “टिपरे पाहिले. सर्व होतों.” पानें उलटतां उलटतां २००३ च्या एका दिवसावर आमची नजर खिळली. तेथें लिहिलें होतें: “टिपरे पाहिले. एकटाच होतों. भाग चांगला असावा. हंसूं आलें नाहीं.”

तो दिवस आम्हांस आठवला. कन्या आजोळीं गेली होती, घरांतून उशीरा येणार होती, आणि आम्ही आंतील खोलींत दार लोटून कचेरीचे कागद तपाशीत होतों. अण्णांनीं एकदां हांक मारली होती. “तुम्ही बघा, मी येतोंच,” असें म्हणून आम्ही गेलों नाहीं. काम फारसें महत्त्वाचेंहि नव्हतें. काय होतें तें आज सांगतां येणार नाहीं. ज्या नटानें आम्हांस आमचे वडील भेटविले, तोच त्या दिवशीं पुन्हां दारांत उभा होता. त्यानें आपलें काम केलें. आम्हीं केलें नाहीं.

कन्येच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस या एका ओळींत सांपडलें. पडद्यावरील माणूस आपणांस ओळखत नाहीं हें खरें, आणि त्यानें ओळखावें अशी अपेक्षा करणें हा वेडेपणाहि खरा. पण आवडता नट आपण कधींच एकट्यानें आवडून घेत नाहीं. शेजारीं कोणीतरी बसलेलें असतें: कोणाचा हात गुडघ्यावर पडतो, कोणी डोक्यावरून पदर घेतें. तें माणूस त्या आवडींत असें मिसळून जातें कीं, पुढें दोन्ही वेगळीं काढतां येत नाहींत. २८ मार्च २०२० पासून, सर्व देश घरांत कोंडला असतां, दूरदर्शननें ‘रामायण’ पुन्हां दाखविलें. तेंच आम्हीं पाहिलें. बाण तेच होते, संवाद तेच होते. परंतु पाटावर आजी नव्हती, आणि आमचे हात कांहीं जोडले गेले नाहींत.

आजकाल अशी तक्रार ऐकूं येते कीं, घरांत जितकीं माणसें तितके पडदे झाले, आणि त्यामुळें कुटुंब विस्कटलें. आमचीहि पूर्वीं हीच समजूत होती. अण्णांची ओळ वाचल्यापासून ती तक्रार आम्हीं सोडून दिली. त्या दिवशीं आमच्या घरांत मोबाईलचा पडदा नव्हता. संच एकच होता. दार आम्हींच लोटलें होतें.

हें सर्व आम्हीं परवां कन्येस सांगितलें आणि ती वहीहि दाखविली. तिनें ती ओळ दोनदां वाचली. बोलली कांहीं नाहीं. थोड्या वेळानें तिनें मोबाईल जेवणाच्या टेबलावर साखरेच्या डब्यास टेकवून उभा केला आणि आईस हांक मारली. चित्र इतकें लहान होतें कीं, आम्हां तिघांस डोक्यास डोकें लावून बसावें लागलें. चिमणराव पुन्हां एकदां पूर्वींच्याच ठिकाणीं फसले, आणि आम्ही पूर्वींच्याच ठिकाणीं हंसलों. तेव्हां कन्या पडद्याकडे पाहत नव्हती; ती आमच्याकडे पाहत होती.